धाकटा टन

पुलाचे कागद तीन नळकांड्यांत आले.
पहिल्यात इंग्रजी शाई, सन अठराशे एक्याण्णव:
चौरस इंचाला साडेसहा टन.
दुसऱ्यात टंकलेखन, एकोणीसशे एकाहत्तर:
चौरस सेंटीमीटरला नऊशे चौदा किलो.
तिसरं रिकामं. ते मी भरायचं,
मेगापास्कलमध्ये, शुक्रवारपर्यंत.

लोखंड तेच.
खालची नदीही तीच, जानेवारीत गुडघाभर,
जुलैत गढूळ, ओंडके घेऊन निघालेली.
लोखंडाला इंच ठाऊक नाही, सेंटीमीटर ठाऊक नाही.
त्याला ओढ कळते,
आणि किती ओढल्यावर
पुन्हा पूर्वीसारखं होता येत नाही, एवढं.

तेमुकोच्या कचेरीत, शेगडी विझल्यावर,
मी साडेसहाला बावीसशे चाळीसने गुणलं,
एकशे पंचेचाळीसने भागलं.
शंभर, स्वल्पविराम, चार.
आम्ही दशांशाला टिंब देत नाही, स्वल्पविराम देतो;
आकडा तिथे जरा दम खातो.
मग नऊशे चौदाचं केलं.
एकोणनव्वद, स्वल्पविराम, सहा.
पुन्हा केलं. पेन्सिलीने केलं. तेच.

जवळजवळ अकरा कमी.
गेले कुठे?

पहाटे सापडले. टन तीन आहेत,
भाऊ-भाऊ, पण वेगळ्या घरांत वाढलेले:
थोरला इंग्रजांचा, बावीसशे चाळीस पौंडांचा,
मधला आमचा, हजार किलोंचा,
धाकटा अमेरिकेचा, दोन हजार पौंडांत आटोपलेला.
कुणीतरी थोरल्याच्या पाटावर
गुपचूप धाकट्याला बसवलं होतं.

म्हणून चोपन्न वर्षं त्या पुलावरून गाडी
चालत्या माणसाच्या वेगाने जाते.
म्हणून लाकडाचे डबे अर्धेच भरतात.
म्हणून पलीकडच्या गावची दुपारची गाडी बंद झाली,
आणि आउकान, जो माझ्यासाठी हातोडीने
रिव्हेट ठोकून ऐकतो,
बैलगाडीत जन्मला.

कोपऱ्यात सही होती: ए. कानिउकेओ.

डॉन एलिओदोरो अजून आहेत. एक्याण्णव वर्षांचे.
चुलीवर आराउकारियाच्या बिया उकडत होत्या.
मी कागद पुढे ठेवला,
पोराचं चुकलेलं गणित बापाला दाखवावं, तसा.
त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"चुकलं नाही ते," म्हणाले.
"तिन्ही टन मला पाठ होते.
त्या हिवाळ्यात दोराला लटकून
मी तिसऱ्या गाळ्याखाली गेलो होतो.
पापुद्रे हातात यायचे, ओले, पावाच्या कडेसारखे.
वर कळवलं: गंज आहे.
वरून विचारणा: किती? आकडा द्या.
गंजाचं एकक माझ्याकडे नव्हतं.
टन होता.
मी टन लहान घेतला."

मग त्यांनी एक बी सोलली
आणि माझ्याकडे सरकवली. गरम होती.
कुणाला सांगितलं होतं का, विचारलं.
"कुणी विचारलं नाही.
बेरजा तपासल्या त्यांनी. बेरजा बरोबर होत्या."

गुरुवारी आम्ही उतरलो, मी आणि आउकान.
पट्टी मुळात अर्ध्या इंचाची,
म्हणजे बारा, स्वल्पविराम, सात मिलिमीटर.
कॅलिपर लावला: साडेअकरा. साडेअकरा. बारा.
खांबाजवळ, जिथे पाणी साचून राहतं,
दहा.
तिथे धाकटा टनही मोठाच पडला असता.

आता अहवाल. 'अनुज्ञेय ताण' असा रकाना आहे,
एकाच आकड्याएवढा रुंद.
शंभर लिहिले तर बैलगाडीला न्याय मिळतो.
एकोणनव्वद लिहिले तर म्हाताऱ्याला.
दहा मिलिमीटरच्या त्या जागेला
दोन्हीतून काहीच मिळत नाही.

रकाना मी अजून कोरा ठेवलाय.
खाली आउकान ठोकतोय, एकेक:
टण्. टण्. टण्.
तिसऱ्या गाळ्यात एकाचा आवाज बद्द आला.
त्याने वर माझ्याकडे पाहिलं.
तेवढ्याचं एकक माझ्याकडेही नाही.
मी खडू खाली टाकला,
त्याने झेलला, आणि फुली मारली.